मुंबई बेटावरील ऐतिहासिक तलाव

मुंबई बेटावरील ऐतिहासिक तलाव म्हणजे नळाचे पाणी येण्यापूर्वी गिरगाव, भुलेश्वर, माझगाव, भायखळा, परळ, दादर आणि माहीम या भागांतील वस्तीची तहान भागवणारे बांधीव व नैसर्गिक जलाशय होत. यांतील बहुसंख्य तलाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या आरंभी बुजवण्यात आले. धोबी तलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक, दो टाकी, बाबुला टँक, नवाब टँक, गोपी टँक ही नावे आज चौकांना, रस्त्यांना आणि बसथांब्यांना उरली आहेत. त्या ठिकाणी पाणी मात्र नाही. वाळकेश्वर येथील बाणगंगा हा दक्षिण मुंबईत मूळ स्वरूपात पाहता येणारा सर्वांत महत्त्वाचा तलाव आहे. तलावांभोवती वाढलेल्या जुन्या वाड्या, पाखाड्या आणि गावठाणे यांचा काही भागही टिकून असून शहराचा हा जुना थर एका दिवसाच्या पायी भेटीत पाहता येतो.

पार्श्वभूमी

आजची मुंबई कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम अशा सात बेटांची मिळून झाली आहे. या बेटांवर बारमाही नदी नव्हती. पाऊस भरपूर पडे. परंतु भूभाग अरुंद आणि समुद्राला लागून असल्याने पाणी लवकर वाहून जाई. किनाऱ्याजवळच्या विहिरी बहुधा मचूळ असत. त्यामुळे गोड पाण्याचा झरा किंवा पावसाचे पाणी साठवणारा खोलगट भाग जेथे असे, तेथे वस्ती वाढत गेली. नळबाजाराजवळच्या खारा तलावाचे नाव गोड आणि खाऱ्या पाण्यातला हा भेद लोकांच्या बोलण्यात किती महत्त्वाचा होता, हे दाखवते.

तलाव बांधणे हे पुण्यकर्म मानले जाई. हिंदू, पारशी आणि मुसलमान अशा सर्व समाजांतील श्रीमंतांनी तलाव, विहिरी आणि पाणपोया बांधल्या. चर्चगेटजवळील भिका बेहराम विहीर इ.स. १७२५ मधील असून पारशी समाज ती आजही पवित्र मानतो. घरोघर पाणी पोहोचवण्याचे काम पाणके आणि भिस्ती करीत. भिस्ती कातडी पखालीतून पाणी आणीत. गोविंद नारायण माडगावकर यांच्या 'मुंबईचे वर्णन' (इ.स. १८६३) या ग्रंथातून नळ आले त्या काळातील मुंबईचे चित्र मिळते. मुंबईविषयी मराठीत लिहिला गेलेला हा आरंभीचा महत्त्वाचा ग्रंथ होय.

प्रमुख तलाव

बाणगंगा

मलबार टेकडीच्या दक्षिण टोकाशी वाळकेश्वर मंदिराच्या परिसरात हा तलाव आहे. त्याचे मूळ शिलाहार काळातील मानले जाते आणि बांधकामाचे श्रेय परंपरेने शिलाहारांच्या दरबारातील लक्ष्मण प्रभू यांना दिले जाते. वनवासातील रामाने तहान भागवण्यासाठी बाण मारून येथे पाणी काढले आणि वाळूचे शिवलिंग करून पूजिले, अशी आख्यायिका आहे. 'बाणगंगा' आणि 'वाळकेश्वर' (वालुकेश्वर) ही दोन्ही नावे तिच्याशी जोडली जातात. पोर्तुगीज अंमलात जुने मंदिर नष्ट झाले. इ.स. १७१५ च्या सुमारास रामा कामती या धनिक सारस्वत गृहस्थाने मंदिराची पुन्हा उभारणी केली.

तलाव आयताकृती असून चारही बाजूंनी दगडी पायऱ्या आहेत. समुद्र अगदी जवळ असूनही पाणी झऱ्याचे व गोड आहे, हे या स्थळाचे वैशिष्ट्य. मध्यभागी रोवलेला खांब बाण लागल्याची जागा दाखवतो, असे सांगितले जाते. काठावर दीपमाळा, लहानमोठी मंदिरे, धर्मशाळा आणि मठ आहेत. पितृपक्षात श्राद्धविधींसाठी येथे मोठी गर्दी होते. कार्तिकी पौर्णिमेला काठ दिव्यांनी उजळतो.

धोबी तलाव

मरीन लाइन्स स्थानकाच्या पूर्वेस, आजच्या मेट्रो सिनेमाच्या चौकालगतच्या भागात हा तलाव होता. धोबी येथे कपडे धूत, यावरून नाव पडले. फ्रामजी कावसजी बनाजी (१७६७–१८५१) या पारशी दानशूराने इ.स. १८३० च्या दशकात मोठा खर्च करून तलावाची दुरुस्ती केली. त्यानंतर कागदोपत्री तो 'फ्रामजी कावसजी टँक' म्हणून नोंदला गेला. लोकांच्या तोंडी मात्र धोब्यांचेच नाव राहिले. तलावाच्या जागेलगत फ्रामजींच्या स्मरणार्थ फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिचे सभागृह एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या सार्वजनिक व्याख्यानांचे एक प्रमुख ठिकाण होते.

मुंबादेवी तलाव व फाशी तलाव

मुंबादेवीचे मूळ देऊळ आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात, फाशी तलावाजवळ होते. किल्ल्याभोवतीची जागा मोकळी करण्याच्या काळात, अठराव्या शतकात, देवीची स्थापना आजच्या झवेरी बाजाराजवळच्या जागी झाली. नव्या देवळासमोरही तलाव होता. तो बुजवल्यावर देवळाभोवती बाजाराची दाटी वाढली. फाशी तलावाजवळ गुन्हेगारांना देहदंड देत, म्हणून त्याला ते नाव मिळाले. बोरीबंदरच्या परिसरात त्याची कोणतीही खूण आज उरलेली नाही.

सी. पी. टँक

गिरगाव आणि भुलेश्वर यांच्या सीमेवरील हा तलाव कावसजी पटेल यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधला. 'सी. पी.' ही त्यांच्याच नावाची इंग्रजी आद्याक्षरे होत. आज येथे वाहतुकीचा वर्तुळाकार चौक आहे. जवळच माधवबागेतील लक्ष्मीनारायण मंदिर आणि इ.स. १८३४ मध्ये स्थापन झालेला पांजरपोळ आहे. मंदिर, तलाव, धर्मशाळा आणि गुरांचा आश्रय ही एकमेकांना पूरक अशी जुनी रचना या भागात अजून ओळखू येते.

गोवालिया टँक

गवळी आपली गुरे धुण्यासाठी आणि पाजण्यासाठी येथे आणीत, यावरून 'गोवालिया' हे नाव आले. तलाव बुजवल्यावर जागेवर मैदान झाले. याच परिसरातील गोकुळदास तेजपाल संस्कृत महाविद्यालयात २८ डिसेंबर १८८५ रोजी भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. ते मुळात पुण्यास व्हायचे होते; तेथे पटकीची साथ आल्याने मुंबईत घ्यावे लागले. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गोवालिया टँक मैदानावर 'भारत छोडो' ठराव संमत झाला आणि महात्मा गांधींनी 'करेंगे या मरेंगे' हा मंत्र दिला. दुसऱ्या दिवशी अरुणा असफ अली यांनी तेथे तिरंगा फडकवला. मैदानाचे आजचे नाव ऑगस्ट क्रांती मैदान आहे.

अन्य तलाव

दो टाकी हे नाव शेजारशेजारच्या दोन तलावांवरून पडले. डोंगरी-उमरखाडी भागातील बाबुला टँक, नळबाजाराजवळचा खारा तलाव, माझगावचा नवाब टँक आणि माहीमचा गोपी टँक ही नावे रस्त्यांना किंवा मंडईंना उरली आहेत. उत्तरेकडे शीव येथील तलाव अद्याप अस्तित्वात असून गणेश विसर्जनासाठी वापरला जातो.

लालबाग, परळ आणि काळाचौकी या भागांत तलावांचा आणखी एक प्रकार होता. वाफेवर चालणाऱ्या कापड गिरण्यांना बाष्पकांसाठी सतत पाणी लागे. त्यामुळे अनेक गिरण्यांच्या आवारात स्वतंत्र तलाव खोदलेले असत. हे तलाव सार्वजनिक नव्हते. काळाचौकी येथील इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर महानगरपालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचा प्रकल्प हाती घेतला असून आवारातील जुना तलाव त्याचा भाग आहे.

नळाच्या पाण्याचे आगमन

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईची वस्ती झपाट्याने वाढली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली आणि इ.स. १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली. याच दशकात पाऊस कमी पडल्याने विहिरी व तलाव आटून पाण्याची तीव्र टंचाई झाली. बेटावरच्या साठ्यांवर शहर चालणार नाही, हे स्पष्ट झाले. मिठी नदीवर विहार येथे धरण बांधण्याचे काम इ.स. १८५६ मध्ये सुरू होऊन १८६० मध्ये शहरात नळाचे पाणी आले. पुढे तुळशी (१८७९) आणि तानसा (१८९२) या तलावांची भर पडली.

तुळशीचे पाणी आणणारी नळवाहिनी माहीम, दादर, परळ या भागांतून गेली. तिच्या कडेचा रस्ता 'तुळशी पाइप रोड' म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याचे अधिकृत नाव सेनापती बापट मार्ग असले, तरी जुने नाव दादर-परळच्या बोलीत टिकून आहे. शहरात पाणी साठवण्यासाठी मलबार टेकडीवर आणि माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर झाकलेले जलाशय बांधले गेले. मलबार टेकडीवरील फिरोजशहा मेहता उद्यान (हँगिंग गार्डन) आणि माझगावचे जोसेफ बाप्टिस्टा उद्यान ही दोन्ही उद्याने अशा जलाशयांवर वसली आहेत. उघडे पाणी दृष्टीआड झाले आणि त्याच्यावर बाग आली, हे या काळातील बदलाचे प्रातिनिधिक उदाहरण होय.

तलाव बुजवण्याची कारणे

नळ आल्यावर तलावांची गरज कमी झाली; परंतु ते बुजवण्यामागे आरोग्याचे कारण प्रबळ होते. एकाच तलावात आंघोळ, धुणे आणि गुरे धुणे चाले आणि त्याचेच पाणी प्यायले जाई. पटकीच्या साथी वारंवार येत. पायऱ्या उतरून पाण्यात शिरण्याच्या पद्धतीमुळे नारूचा प्रसार होई.

इ.स. १८९६ मध्ये मुंबईत ग्रंथिक सन्निपाताची (प्लेग) साथ आली. त्यानंतर इ.स. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन होऊन दाट वस्तीतून रुंद रस्ते काढण्यास आरंभ झाला. इ.स. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी हिवतापाचा डासांशी असलेला संबंध सिद्ध केला. इ.स. १९११ च्या सुमारास सी. ए. बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाची पाहणी करून घरगुती विहिरींत वाढणाऱ्या डासांकडे लक्ष वेधले. त्यानंतर विहिरी बुजवण्यास व त्यांवर झाकणे बसवण्यास वेग आला. पारशी आणि हिंदू रहिवाशांनी धार्मिक कारणांवरून यास विरोध केला, कारण पूजेसाठी विहिरीचे पाणी लागे.

जागेची वाढती किंमत हेही कारण दुर्लक्षिता येत नाही. तथापि बुजवलेल्या तलावांच्या सर्वच जागा इमारतींखाली गेल्या नाहीत. गोवालिया टँक मैदान झाला, सी. पी. टँक चौक झाला. पाणी गेले, तरी ती जागा सर्वांची राहिली आणि पुढे तीच सभा-मिरवणुकांची जागा झाली.

पाणवठ्यांवरील हक्काचा प्रश्न

तलाव दानधर्मातून उभे राहिले, तरी ते सर्वांना खुले होते असे म्हणता येत नाही. मुंबई इलाख्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना सार्वजनिक पाणवठ्यांवर मज्जाव असे. या प्रश्नाला कायदेमंडळात वाचा फोडली ती मुंबईच्या सीताराम केशव बोले यांनी. कामगार हितवर्धक सभेचे (१९०९) संस्थापक असलेल्या बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, अशी शिफारस त्यात होती.

महाड नगरपालिकेने इ.स. १९२४ मध्ये आपले तळे खुले करण्याचा ठराव केला. परंतु तो कागदावरच राहिला. परळच्या दामोदर हॉलमधून बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्य चालवणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करून तो हक्क प्रत्यक्ष बजावला. अशा रीतीने कोकणातील एका लहान ऐतिहासिक शहरातील तळ्याचा लढा परळच्या कामगार वस्तीशी जोडलेला आहे. दादरमध्ये पोर्तुगीज चर्चजवळून जाणाऱ्या रस्त्याला बोले यांचे नाव आहे.

पाण्याशी संबंधित स्थळनामे

बेटांवरील पाण्याची जुनी स्थिती स्थळनामांतून समजते.

पायधुणी: बेटांमधील ओहोळ ओलांडताना पाय धुतले जात ती जागा.
उमरखाडी: उंबराच्या झाडाजवळची खाडी.
दादर: जिना या अर्थाचा शब्द, बेटांना जोडणारी वाट वा पूल असा अर्थही सांगितला जातो.
टँक पाखाडी: भायखळ्याजवळील वस्ती, तलाव आणि पाखाडी (फरसबंद वाट व तिच्या कडेची वस्ती) या दोन्हींची आठवण देणारे नाव.
तुळशी पाइप रोड: तुळशी तलावाच्या नळवाहिनीलगतचा रस्ता.

तलावांभोवतीची जुनी गावे

गिरगाव आणि माझगाव या नावांतच 'गाव' आहे. गिरगावातील खोताची वाडी अठराव्या शतकाच्या अखेरीस पाठारे प्रभू समाजातील दादोबा वामन खोत यांच्या जमिनीवर वसली. लाकडी सज्जे, बाहेरून जाणारे जिने आणि उतरती कौलारू छपरे असलेली ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची घरे हे तिचे वैशिष्ट्य. मूळ घरांपैकी निम्म्याहून कमी आज उरली आहेत.

माझगावची माथारपाखाडी हेही असेच जुने ख्रिस्ती गावठाण होय. लोकमान्य टिळकांचे सहकारी आणि इ.स. १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झालेले जोसेफ (काका) बाप्टिस्टा येथील रहिवासी होते.

दादरचे पोर्तुगीज चर्च इ.स. १५९६ मध्ये स्थापन झाले. आजची वास्तू चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्यानुसार १९७० च्या दशकात बांधली गेली. परळ येथे इ.स. १९३१ मध्ये रस्त्याच्या कामात सापडलेले भव्य शिवशिल्प बारादेवी मंदिरात पूजेत आहे. गिरण्यांच्या कितीतरी शतके आधी येथे नांदती वस्ती होती, याचा हा पुरावा आहे.

सद्यःस्थिती

बाणगंगा संरक्षित वारसास्थळ आहे. तथापि काठावरील बांधकामांची गर्दी, निर्माल्य आणि टेकडीवरील उंच इमारतींच्या पायांचा भूगर्भातील झऱ्यांवर होणारा संभाव्य परिणाम हे चिंतेचे विषय आहेत. इ.स. २०२४ मध्ये संवर्धनाच्या कामात गाळ काढण्यासाठी यंत्र तलावात उतरवल्याने दगडी पायऱ्यांचे नुकसान झाले आणि त्याविरुद्ध नागरिकांनी तीव्र नापसंती व्यक्त केली. पायऱ्यांची दुरुस्ती नंतर हाती घेण्यात आली. वारसा जपण्याचे कामही पुरेशा काळजीने न केल्यास वारशालाच हानी पोहोचवू शकते, हे या घटनेतून दिसून आले.

गणेशोत्सवात समुद्रावरील भार कमी करण्यासाठी महानगरपालिका ठिकठिकाणी कृत्रिम तलाव तयार करते. ज्या शहराने आपले तलाव बुजवले, त्याच शहराला आता दरवर्षी काही दिवसांसाठी तलाव उभारावे लागतात.

भेट

सकाळी लवकर बाणगंगेपासून आरंभ केल्यास भेट सोयीची होते. येथे जाण्यासाठी चर्नी रोड किंवा ग्रँट रोड स्थानकावरून वाळकेश्वरकडे जाणारी बस अथवा टॅक्सी मिळते. काठावर धार्मिक विधी चालू असल्यास छायाचित्रे काढण्यापूर्वी परवानगी घ्यावी. पायऱ्या शेवाळलेल्या असतात, म्हणून पावसाळ्यात खाली उतरणे टाळावे. परतताना हँगिंग गार्डन पाहून ऑगस्ट क्रांती मैदानाकडे उतरता येते. तेथून खोताची वाडी, सी. पी. टँक, माधवबाग, मुंबादेवी आणि धोबी तलाव हा टप्पा पायी करण्यासारखा आहे. खोताच्या वाडीतील घरे खासगी व नांदती आहेत, याचे भान ठेवावे.

माझगावसाठी हार्बर मार्गावरील डॉकयार्ड रोड स्थानक जवळचे आहे. नवाब टँक, माथारपाखाडी आणि भंडारवाडा टेकडीवरील उद्यान एकाच फेरीत पाहता येतात. टेकडीवरून बंदराचे विस्तृत दृश्य दिसते. विहार आणि तुळशी हे तलाव संरक्षित क्षेत्रात असल्याने तेथे सामान्य पर्यटकांना मुक्त प्रवेश नाही.

हेही पाहा

बाणगंगा; वाळकेश्वर; ऑगस्ट क्रांती मैदान; खोताची वाडी; विहार तलाव; तुळशी तलाव; चवदार तळे; मुंबईची सात बेटे